विषय शेवटी ठरवा: कला-विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या कल्पनेपर्यंत नेण्याची टप्प्याटप्प्याची पद्धत

दरवर्षी प्रकल्पाची सूचना फलकावर लागते, "आठ दिवसांत आपापला विषय लिहून द्या" असे विद्यार्थ्यांना सांगितले जाते आणि आठ दिवसांनी हाती येणाऱ्या यादीत पर्यावरण, स्त्रीशक्ती, शेतकऱ्याचे दुःख, मोबाईलचे व्यसन आणि निसर्गसौंदर्य हीच नावे फिरून फिरून दिसतात. त्यानंतर मोबाईलवरून चित्रे उतरवली जातात, तडा गेलेली जमीन आणि आकाशाकडे पाहणारा म्हातारा शेतकरी पुन्हा एकदा रंगवला जातो आणि शिक्षक म्हणतात की मुलांकडे कल्पनाच नाहीत. हा निष्कर्ष चुकीचा आहे. ज्या मुलीच्या घरी पहाटे केळीची कापणी सुरू होते, किंवा ज्या मुलाची आई हिवाळाभर मिरची वाळवण्याच्या पथारीवर काम करते, तिच्या-त्याच्याकडे सामग्री भरपूर असते. ती बाहेर येण्याआधीच आपण विषयाचे नाव मागतो, ही खरी अडचण आहे.

ही सवय लागण्यामागे कारण आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांमध्ये स्मरणचित्राचा विषय प्रश्नपत्रिकेत छापून येतो आणि ठरलेल्या वेळेत चित्र पुरे करायचे असते. त्या परीक्षेची गरज म्हणून ते योग्यच आहे, पण त्यातून तयार झालेला विद्यार्थी एटीडी (कलाशिक्षक पदविका) किंवा फाउंडेशनच्या (कलाशिक्षणाच्या पायाभूत) वर्गात आला, की "विषय कोणीतरी देईल, मी तो रंगवीन" याच क्रमाने विचार करतो. पुढील पद्धतीत हा क्रम उलटा केला आहे: आधी पाहणे व गोळा करणे, मग त्यातून प्रश्न शोधणे, मग साहित्याच्या आणि रचनेच्या चाचण्या, आणि नाव सर्वांत शेवटी. सुमारे १० आठवड्यांचा प्रकल्प गृहीत धरला आहे.

## पूर्वतयारी: पहिल्या तासाआधी शिक्षकाने करावयाची कामे

पहिले काम वेळेच्या वाटणीचे. १० आठवड्यांपैकी ३ आठवडे संग्रहासाठी, १ निवडीसाठी, १ प्रश्न व संदर्भांसाठी, २ चाचण्यांसाठी, २ अंतिम कामासाठी आणि शेवटचा आठवडा मांडणीसाठी ठेवावा. संग्रहाला इतका वेळ देणे अनेक सहकाऱ्यांना उधळपट्टी वाटते; मात्र हाच वेळ वाचवला की शेवटी सगळ्यांची कामे सारखी दिसू लागतात, म्हणून येथे काटकसर करू नये.

दुसरे काम हंगाम पाहण्याचे. खान्देशात बहुतेक दृश्यसामग्री ऋतूला बांधलेली आहे. नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्या हिवाळ्यात पसरतात, सारंगखेड्याचा घोडेबाजार दत्तजयंतीच्या सुमारास भरतो, कानबाईचा उत्सव श्रावणात येतो आणि आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) झोके वैशाखात बांधले जातात. प्रकल्प ऑगस्टमध्ये सुरू होणार असेल आणि विद्यार्थ्याने घोडेबाजार निवडला, तर त्याला प्रत्यक्ष पाहण्याची संधी मिळणार नाही आणि तो छायाचित्रांवरच विसंबून राहील. म्हणून प्रकल्पाच्या काळात आपल्या परिसरात काय चालू असते याची एक पानाची नोंद शिक्षकाने स्वतःसाठी करून ठेवावी. ती वर्गात वाटू नये, कारण वाटलेली यादी म्हणजे पुन्हा दिलेला विषयच होतो.

तिसरे काम गुणांची विभागणी जाहीर करण्याचे. अभ्यासक्रमाच्या चौकटीत बसेल अशा बेताने नोंदवहीला ३०, चाचण्यांना २५, अंतिम कामाला ३५ आणि टिपण व मांडणीला १० अशी विभागणी ठेवता येते. आकडे थोडे इकडेतिकडे झाले तरी चालतील. परंतु नोंदवही आणि चाचण्या मिळून निम्म्याहून अधिक गुणांच्या आहेत हे विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी कळले पाहिजे. ते शेवटी सांगितले, तर वह्या आदल्या रात्री भरल्या जातात.

साहित्य साधे पुरते. विद्यार्थ्याने ए-५ आकाराची, खिशात किंवा पिशवीत सहज मावणारी कोऱ्या पानांची वही, २बी आणि ६बी पेन्सिल, एक काळे बॉलपेन आणि लहान डिंकाची बाटली एवढेच आणावे. महाग स्केचबुक आणू देऊ नये, कारण ते खराब होईल या भीतीने मुले त्यात फक्त चांगली चित्रे काढतात.

सावधान: या टप्प्यावर "तुझ्या डोक्यात काय आहे?" हा प्रश्न एकदाही विचारू नये. विचारला की विद्यार्थी उत्तर देतो आणि दिलेल्या उत्तराला शेवटपर्यंत चिकटून राहतो.

## टप्पा १: विषयाविना संग्रह (आठवडे १ ते ३)

विद्यार्थ्याने दररोज किमान दोन नोंदी कराव्यात. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी हव्यात: जागा, वेळ, एक रेखाटन आणि दोन-तीन ओळींचा मजकूर. रेखाटन सुबक असण्याची गरज नाही, पण ते समोर पाहून केलेले असले पाहिजे. मजकुरात मत लिहायचे नाही, दिसलेले लिहायचे. "गावातली जुनी घरे आता नष्ट होत चालली आहेत" हे मत झाले. "धाब्याच्या घराच्या मातीच्या भिंतीवर नव्या सिमेंटचा हातभर पट्टा आहे, त्याच्या कडेने माती सुटली आहे आणि तिथे मुंग्या आहेत" ही नोंद झाली. पहिल्या आठवड्यात जवळजवळ सगळे विद्यार्थी मत लिहितात. रागावण्याऐवजी अशा वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढून "हे कुठे दिसले?" एवढेच लिहावे.

मजकूर ज्या बोलीत सुचतो त्या बोलीत लिहू द्यावा. अहिराणी, लेवा गणबोली, पावरी, भिली यांपैकी जी घरात बोलली जाते तीत लिहिताना विद्यार्थी वस्तूंची, कामांची आणि नात्यांची नावे अचूक लिहितो. प्रमाण मराठीत लिहायला लावले की तो पाठ्यपुस्तकातील वाक्ये लिहू लागतो. शिक्षकाला बोली समजत नसेल तर विद्यार्थ्याकडून वाचून घ्यावी. शेवटच्या आठवड्यातील टिपण प्रमाण भाषेत असावे, वही तशी असण्याचे काही कारण नाही.

रेखाटनाबरोबर ठसे, घासून घेतलेले पोत, कापडाचे तुकडे, पावत्या, वेष्टने, वाळलेली पाने असे काहीही वहीत चिकटवावे. छायाचित्र काढण्यास हरकत नाही, परंतु आधी रेखाटन आणि मग छायाचित्र हा क्रम पाळावा. उलटे केले की डोळा काम थांबवतो, कारण "फोटो आहे, नंतर बघू" असे वाटते.

येथे परवानगीचा मुद्दा सांगितलाच पाहिजे. कामावरच्या मजुरांचे, बाजारातील स्त्रियांचे किंवा एखाद्या विधीचे छायाचित्र न विचारता घेऊ नये. अक्कलकुवा तालुक्यातील काठी गावची होळी पाहायला दरवर्षी मोठी गर्दी जाते. अंगावर पांढरे ठिपके, कमरेला वाळके दुधीभोपळे व घुंगरे आणि डोक्यावर मोरपिसांचा टोप घालणारे नर्तक, म्हणजे बुध्या, व्रत पाळून तेथे नाचतात. विद्यार्थी त्या आदिवासी समाजातला नसेल तर त्याने आधी बोलावे, नाव-गाव सांगावे, कशासाठी रेखाटतो आहे ते सांगावे आणि नकार मिळाला तर वही बंद करावी. समाजातला असेल तर घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे, कारण घरचे माणूस असल्यामुळे सगळे चित्रित करण्याची मुभा आपोआप मिळते असे नाही.

तपासणी (तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस): वहीत किमान ३५ नोंदी आहेत का? किमान तीन वेगवेगळ्या जागा आणि दिवसाच्या किमान तीन वेगवेगळ्या वेळा आल्या आहेत का? किमान एका जागेला विद्यार्थी पुन्हा गेला आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असेल, तर पुढच्या टप्प्याआधी त्याला दोन दिवस देऊन पुन्हा पाठवावे. एकदाच पाहिलेल्या गोष्टीतून सहसा वर्णन निघते. दुसऱ्यांदा पाहिल्यावर काय बदलले ते दिसते आणि प्रश्न तिथून निघतो.

## टप्पा २: निवड (आठवडा ४)

वह्या उघडून वर्गाच्या जमिनीवर ठेवाव्यात. पाने सुटी करता येत नसतील तर छायाप्रती काढाव्यात आणि प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या नोंदी जमिनीवर पसरून त्यांचे गट करावेत. गटांना नावे द्यायची नाहीत. नाव दिले की "शेती", "बाजार", "घर" अशी कपाटे तयार होतात आणि नोंदी त्यात कोंबल्या जातात. त्याऐवजी तीन गोष्टी शोधाव्यात: न ठरवता पुन्हा पुन्हा आलेली वस्तू किंवा जागा; ज्या नोंदीत मजकूर अचानक लांबला आहे अशी नोंद; आणि जी नोंद विद्यार्थ्याने अर्धवट सोडली आहे किंवा खोडली आहे अशी नोंद. या तिसऱ्या प्रकाराकडे शिक्षकाने विशेष लक्ष द्यावे.

हा टप्पा संभाषणावर चालतो, म्हणून तो कसा चालतो हे एका कल्पित उदाहरणातून दाखवतो. समजा, रावेर तालुक्यातील एका विद्यार्थिनीच्या वहीत केळीच्या बागेची, ठिबकच्या नळ्यांची, घडांनी भरलेल्या ट्रॅक्टरची रेखाटने आहेत आणि तिला वाटते आहे की तिचा विषय "केळी उत्पादक शेतकरी" हा आहे. शिक्षक तिच्या वहीची पाने चाळतात.

"हा शर्ट तीन ठिकाणी आला आहे. मुद्दाम काढलास का?"

"नाही सर, तो मागच्या दोरीवर रोज असतो. पप्पांचा कापणीचा आहे."

"बाकीचे कपडे कुठे वाळत घालतात?"

"पुढच्या अंगणात. कामाचे कपडे आई वेगळे धुते, वेगळे घालते."

"आणि हे काळे काय आहे?"

"चीक आहे सर. लागतो तेव्हा पाण्यासारखा असतो, कळत पण नाही. वाळला की काळा पडतो. मग कितीही धुवा."

येथे शिक्षकाने थांबावे. "वा, मग तू शर्टावर काम कर" असे म्हणण्याचा मोह होतो, कारण शिक्षकाला विषय दिसलेला असतो. ते वाक्य उच्चारले की कल्पना शिक्षकाची होते आणि विद्यार्थिनी पुन्हा आज्ञा पाळू लागते. "उद्या तो शर्ट एकदा जवळून, डागासकट, पान भरून काढून आण" एवढेच काम द्यावे. डाग खांद्यावर जास्त आहेत की पोटावर, डाव्या बाजूला की उजव्या, हे ती पाहील. घड कोणत्या खांद्यावरून नेला जातो याचा तिथेच उलगडा होईल आणि पुढचा प्रश्न तीच घेऊन येईल.

या टप्प्यावर उपयोगी पडणारे प्रश्न असे: हे पुन्हा का आले? याच्या शेजारी काय होते? हे कोण हाताळते? सकाळी आणि संध्याकाळी यात काय फरक असतो? हे गेले तर घरात कोणाच्या लक्षात येईल? टाळावयाचे प्रश्न असे: यातून तुला कोणता संदेश द्यायचा आहे? याचा समाजाला काय उपयोग? हे कोणत्या शैलीत करणार?

सावधान: दुःखाची किंवा घरातील खासगी गोष्ट वहीत आली, तर ती वर्गासमोर वाचायला लावू नये. ती प्रकल्पात आणायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार विद्यार्थ्याचाच आहे. वैयक्तिक कल्पना म्हणजे वैयक्तिक दुःखाचे प्रदर्शन, असा गैरसमज अलीकडे बराच पसरला आहे. त्याने मुलांवर विनाकारण दडपण येते.

## टप्पा ३: एका वाक्याचा प्रश्न (आठवडा ५, पहिला अर्धा)

आता विद्यार्थ्याने एक वाक्य लिहावे. त्यात एक नेमकी वस्तू, जागा किंवा कृती असावी आणि तिच्याविषयी त्याला अजून न कळलेले असे काहीतरी असावे. वरच्या उदाहरणात ते वाक्य असे होऊ शकते: "कापणीच्या हंगामात वडिलांच्या शर्टावर साचत जाणारे चिकाचे डाग त्यांच्या कामाची नोंद कशी ठेवतात?" नंदुरबारच्या एखाद्या मुलाचे वाक्य असे होईल: "मिरची वाळताना पथारीचा रंग दिवसागणिक बदलतो, तेव्हा तिथे बसून देठ खुडणाऱ्या आईच्या तोंडावरचा फडका कसा बदलतो?"

तपासणी: वाक्य तीन कसोट्यांवर घासावे. विद्यार्थी उद्या सकाळी त्या वस्तूजवळ किंवा जागेजवळ जाऊ शकतो का? उत्तर नुसत्या "हो" किंवा "नाही"ने संपत नाही ना? आणि घराबाहेर न पडता, केवळ इंटरनेटवरून त्याचे उत्तर मिळणार नाही ना? तिन्हींत जे बसत नाही ते वाक्य पुन्हा लिहावे. साधारणपणे तिसऱ्या-चौथ्या खेपेला वाक्य जमते. पहिल्याच खेपेला जमले असे वाटले तर ते कुठून तरी उचललेले नाही ना, हे पाहावे.

## टप्पा ४: संदर्भ (आठवडा ५, दुसरा अर्धा)

इतर कलावंतांची कामे आता पाहावीत, आधी नाही. प्रश्न हाती नसताना संदर्भ पाहिले की विद्यार्थी दृश्यरूप उचलतो; प्रश्न हाती असताना पाहिले की तो उपाय शोधतो.

आपल्याकडचे दोन संदर्भ या कामासाठी फार मोलाचे आहेत. अजिंठ्याची लेणी जळगावहून सुमारे ६० किलोमीटरवर आहेत, तरीही अनेक विद्यार्थी तेथून फक्त पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या प्रसिद्ध चित्राची नक्कल घेऊन परततात. त्याऐवजी १७ व्या लेण्यातील विश्वंतर जातकाच्या (बुद्धाच्या पूर्वजन्माच्या कथेच्या) चित्रासमोर उभे करून एकच काम द्यावे: एकाच भिंतीवर, मध्ये चौकटी न आखता, एकामागून एक घडणारे प्रसंग चित्रकाराने कशाच्या आधारे वेगळे केले आहेत, ते फक्त रेघांच्या कच्च्या आराखड्यात काढून आणा. खांब, दार, झाड, पाठमोरी आकृती यांचा उपयोग हळूहळू ध्यानात येतो आणि काळ चित्रात कसा मांडायचा हा प्रश्न असलेल्या विद्यार्थ्याला तो थेट उपयोगी पडतो.

दुसरा संदर्भ चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) यांचा. इंग्लंडमध्ये कलाशिक्षण घेऊन आलेल्या या छायाचित्रकाराने आयुष्याचा मोठा भाग चाळीसगावच्या आपल्या बंगल्याबाहेर जवळजवळ न पडता काढला आणि घरातल्या टेबलावर साध्या वस्तूंची मांडणी करून छायाचित्रे घेतली. "आमच्या गावात काढण्यासारखे काही नाही" असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांचे काम दाखवावे आणि त्यातील प्रकाश कोणत्या बाजूने येतो, वस्तूंचे प्रमाण कसे फसवले आहे, हे शोधायला लावावे.

एक चूक इथे जवळजवळ दरवर्षी होते. आदिवासी जीवनाशी संबंधित प्रश्न असला की विद्यार्थी त्रिकोणी शरीराच्या वारली आकृत्या काढतो. वारली चित्रपरंपरा पालघर-ठाण्याकडची आहे. सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा समाजाची भांडी, दागिने, वाद्ये, घरांची बांधणी आणि सणांची सजावट यांचे दृश्यरूप वेगळे आहे. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या मुलाने स्वतःच्या घरातील वस्तू बाजूला सारून वारली आकृती काढणे ही मला या सगळ्या प्रक्रियेतील सर्वांत वाईट गोष्ट वाटते आणि ती शिक्षकाने वेळीच थांबवली पाहिजे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने तयार केलेली चित्रे संदर्भ म्हणून घेऊ देऊ नयेत. त्यांत केळीच्या घडाची फणी उलटी असू शकते, नऊवारीचा काष्टा भलताच असू शकतो आणि विद्यार्थी ते तसेच उतरवतो.

## टप्पा ५: चाचण्या (आठवडे ६ व ७)

चाचण्या दोन प्रकारच्या असतात आणि त्या समांतर चालवाव्यात.

रचनेच्या चाचण्या. आगपेटीपेक्षा थोड्या मोठ्या चौकटीत किमान २० कच्चे आराखडे काढावेत. पहिले पाच-सहा सगळ्यांचे सारखेच येतात, कारण ते पूर्वी पाहिलेल्या चित्रांतून आलेले असतात. दहाव्यानंतर विद्यार्थी कंटाळतो आणि कंटाळ्यातून वेगळा कोन, दृश्याची वेगळी काटछाट, वेगळे प्रमाण सापडू लागते. म्हणून आठ आराखड्यांवर "यातला चौथा छान आहे, तो घे" असे म्हणून सोडवू नये.

साहित्याच्या चाचण्या. येथे नियम एकच, पण तो काटेकोर पाळावा: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केळीच्या चिकाचे उदाहरण पुढे नेऊ. विद्यार्थिनीला चीकच माध्यम म्हणून वापरून पाहायचा आहे. तिने कोरा मांजरपाट, खळ काढण्यासाठी धुतलेला मांजरपाट, जुन्या सुती शर्टाचे कापड आणि टेरिकॉट असे चार तुकडे घ्यावेत. चारींवर एकाच घडाच्या दांड्याचा चीक, तेवढेच थेंब, त्याच वेळी टाकावेत. एका तासाने, एका दिवसाने आणि धुतल्यानंतर रंग कसा आहे ते लिहावे. नंतर एका तुकड्याचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकून तो खिडकीत उन्हाला ठेवावा आणि चाचण्या संपताना दोन्ही भाग शेजारी ठेवून पाहावेत, म्हणजे डाग उन्हात विटतो की टिकतो हे अंतिम कामाआधी कळेल. प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यावर तारीख आणि काय बदलले ते लिहिलेले असावे. हे न लिहिलेली चाचणी आठवड्याभराने निरुपयोगी होते, कारण चारही तुकडे तपकिरीच दिसतात.

नवे माध्यम सापडले की विद्यार्थी त्याच्या नवलाईत रमतो आणि मूळ प्रश्न मागे पडतो. म्हणून प्रत्येक चाचणीनंतर टप्पा ३ चे वाक्य मोठ्याने वाचायला लावावे आणि विचारावे की या चाचणीने त्या वाक्याविषयी काय कळले. पोस्टर कलर किंवा चारकोलनेच प्रश्नाला नीट हात घालता येत असेल, तर चीक सोडून द्यावा. चाचणी वाया गेली असे मानू नये, तिचे गुण मिळतात.

तपासणी: सातव्या आठवड्याच्या अखेरीस विद्यार्थ्याने एक आराखडा, एक आकार आणि एक माध्यम निश्चित करावे आणि प्रत्येकासाठी कारण एका ओळीत लिहावे. "चांगले दिसते" हे कारण धरू नये.

## टप्पा ६: वर्गातील चर्चा (सातव्या आठवड्यातील एक पूर्ण दिवस)

आपल्याकडे सरांसमोर बोलायचे नाही ही सवय खोलवर असते, त्यामुळे "बोला, कोणाला काय वाटते?" असे विचारले की वर्ग गप्प बसतो आणि शेवटी शिक्षकच सगळ्यांवर शेरे देतात. त्यावर चिठ्ठ्यांचा उपाय चांगला चालतो. चाचण्या भिंतीवर लावाव्यात, काम करणाऱ्याने पहिली दहा मिनिटे काहीही सांगू नये आणि प्रत्येकाने दोन चिठ्ठ्या लिहाव्यात: एकीवर फक्त "मला काय दिसते", दुसरीवर एक प्रश्न. चिठ्ठ्या वाचून झाल्यावरच काम करणाऱ्याने बोलावे आणि शिक्षकाने सर्वांत शेवटी.

"छान आहे", "भारी आहे" आणि "अजून फिनिशिंग पाहिजे" अशा चिठ्ठ्या परत द्याव्यात.

## टप्पा ७: अंतिम काम (आठवडे ८ व ९)

या टप्प्यात नव्या कल्पना स्वीकारू नयेत. सुचल्या तर वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवाव्यात. निश्चित केलेला आराखडा आधी त्याच आकाराच्या साध्या कागदावर कोळशाने एकदा उतरवून भिंतीवर लावावा आणि दहा-बारा फुटांवरून पाहावा. लहान चौकटीत चांगली दिसलेली रचना मोठी झाल्यावर मधोमध रिकामी पडते, हे रंग लावल्यानंतर कळून उपयोग नसतो.

आपल्या हवामानाचा विचार वेळापत्रकात करावा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. मार्च-एप्रिलपासूनच जलरंगाचा पहिला हात दुसरा ओढण्याआधी वाळतो आणि कडा पडतात. अशा दिवसांत कागद दोन्ही बाजूंनी ओला करून फळीवर ताणावा, मोठे सपाट हात सकाळी दहाच्या आत उरकावेत आणि पंख्याचा झोत कागदावर येऊ देऊ नये. पोस्टर कलर जाड लावला तर याच कोरड्या हवेत तडकतो, म्हणून दोन पातळ हात द्यावेत. पावसाळ्यात उलट अडचण असते: कागद दमट होतो, डिंक वाळत नाही आणि गुंडाळून ठेवलेल्या कामाला बुरशी धरते. काम आडवे, दोन पुठ्ठ्यांत ठेवावे.

तपासणी: नवव्या आठवड्याच्या सुरुवातीला काम तीन-चतुर्थांश पुरे झालेले असावे. ते नसेल, तर आकार कमी करण्याचा निर्णय त्याच दिवशी घ्यावा. रात्र जागून केलेल्या शेवटच्या दोन दिवसांत चांगला भाग हमखास बिघडतो.

## टप्पा ८: शीर्षक, टिपण आणि मांडणी (आठवडा १०)

आता नाव द्यावे. शीर्षकात काम समजावून सांगू नये. जागा, वस्तू किंवा वेळ यांपैकी एखादी नेमकी गोष्ट असली की पुरते. "बळीराजाची व्यथा" यापेक्षा "मागच्या दोरीवरचा शर्ट" हे शीर्षक पाहणाऱ्याला कामाजवळ आणते.

टिपण १२० ते १५० शब्दांचे असावे. पहिल्या दोन वाक्यांत काय पाहिले, पुढच्या तीन-चार वाक्यांत कोणता प्रश्न पडला आणि तो सोडवताना काय करून पाहिले, आणि शेवटी काय सुटले नाही, एवढेच लिहावे. "या चित्रातून मी समाजाला संदेश देऊ इच्छितो" या धर्तीचे वाक्य आले तर ते काढून टाकायला सांगावे आणि त्या जागी वहीतील एखादी नोंद जशीच्या तशी लिहायला सांगावी. ती बहुतेक वेळा टिपणातील सर्वांत जिवंत ओळ ठरते.

मांडणीत अंतिम कामाशेजारी वही उघडी ठेवावी आणि चाचण्यांपैकी तीन-चार निवडून लावाव्यात. ज्यांच्या घरचे काम, वस्तू किंवा जागा प्रकल्पात आली आहे, त्यांना पाहायला बोलवावे. केळीची कापणी करणारा माणूस डागाच्या चित्रासमोर उभा राहून "हा डाग इथे नसतो, घड या खांद्यावर घेतात" असे म्हणाला, तर ती दुरुस्ती परीक्षकाच्या शेऱ्याइतकीच गांभीर्याने वहीत लिहावी.

गुण दिल्यानंतर वह्या कपाटात ठेवून घेऊ नयेत. आठवड्याभरात परत द्याव्यात, शेवटच्या पानांवर नोंदवून ठेवलेल्या, न वापरलेल्या कल्पनांवर विद्यार्थ्याकडून खूण करून घ्यावी आणि पुढच्या सत्रातील संग्रह त्याच वहीच्या उरलेल्या पानांवर सुरू करावा.